घोड्यावर बसणार एकच

सोन्यानाण्यावरून, जमिनीच्या बांधावरून, अगदी सुनेच्या हातच्या भाकरीवरूनही माणसं एकमेकांवर जळतात. त्यात नवल नाही. भिवा जळला तो टूथपेस्टवरून. नळीवरून नव्हे हो, टूथपेस्ट हा शब्द कसा म्हणायचा त्यावरून. हसाल तुम्ही, पण त्या बिचाऱ्याचं अन्न गोड लागेनासं झालं होतं.

भिवा संगमेश्वरकडचा. एकोणनव्वद साली दुबईला गेला आणि अल कुसैसमधल्या एका मोठ्या दुकानात लागला. दुकान म्हणजे आपल्या वाण्याचं नव्हे. आत शिरलं की तांदळापासून तव्यापर्यंत आणि मटणापासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं एका छपराखाली. भिवाचं काम साधं. गाडीतून खोकी उतरवायची, फळ्यांवर माल लावायचा, भाव चिकटवायच्या बंदुकीने टकाटक भाव मारायचे. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण दिवसातून दोनदा, पाचला आणि आठला, तो हात धुवायचा, केसांवरून पाणी फिरवायचा, काउंटरपाशी जाऊन माइकचं लाल बटण दाबायचा. मग सगळ्या दुकानात त्याचा आवाज घुमायचा. आज काय स्वस्त आहे ते आधी हिंदीत, मग इंग्रजीत.

माइक त्याच्या हाती आला तो बापाच्या पुण्याईने. बाप गावचा कोतवाल. पंचायतीचा हुकूम निघाला, गुरांना लस टोचायची असली, की गळ्यात डफ अडकवून वाडीवाडीतून दवंडी द्यायचा. आधी डफावर एक सणसणीत थाप, मग बोटाची हलकी टिचकी, आणि मग शब्द. ज्या घरांच्या ओसरीवर त्याला चढू देत नसत, त्या घरांच्या चुलीपर्यंत त्याचा आवाज जायचा. भिवा लहानपणी मागून चालायचा. त्याच्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की होती. माणसाला कुठेही उभं करा, आवाज आत गेला पाहिजे.

नव्वद साली आधीचा बोलणारा नोकरी सोडून गेला, तेव्हा मॅनेजर प्रकाशसाहेबांनी विचारलं, मोठ्याने कोण बोलेल? भिवाने हात वर केला. हिंदी ठीक झालं. इंग्रजीच्या वेळी मात्र फजिती. कुणीतरी मराठी अक्षरांत यादी लिहून दिली होती, आणि आपल्या शाळेत धडा वाचतात तशी भिवाने ती वाचली. टू-थ-पे-स्ट. लं-च-बॉ-क्स. प्रत्येक अक्षराला सारखाच मान, पंगतीत वाढतात तसा. गिऱ्हाइकं हातातली टोपली खाली ठेवून हसली.

तीन नंबरच्या बिलाच्या गल्ल्यावर खतीजाबी बसायची. हैदराबादची, लग्नाआधी पोरांना शिकवलेली. तिला त्याची दया आली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला समोर बसवलं, स्वतःच्या हनुवटीखाली पालथा हात धरला आणि टूथपेस्ट म्हणाली. हनुवटी दोनदा खाली आली. जितक्यांदा हनुवटी हातावर टेकते तितके शब्दाचे तुकडे, बाकी सगळा पाचोळा. टूथपेस्टचे दोन, चार नव्हेत. लंचबॉक्सचेही दोन. सनफ्लॉवरचे तीन. वॉटरमेलनचे चार. भिवा दिवसभर हनुवटीला हात लावून खोकी मोजत फिरला. कुणी विचारलं, दात दुखतो का, तर हो म्हणाला.

पण तुकडे पाडून भागत नव्हतं. वजन कुठे टाकायचं? त्यावर खतीजाबी जे बोलली ते भिवाने जन्मभर गाठीला बांधलं.

“भिवाभाई, दो लफ्ज मिलके एक चीज का नाम बना ना, तो पहले वाले कू घोडे पे बिठाओ. दूसरा पीछू पैदल आता. दोनों कू बिठाए तो घोडाच बैठ जाता.”

म्हणजे टूथ घोड्यावर, पेस्ट मागून चालत. लंच घोड्यावर, बॉक्स मागून. वॉटरमेलनच्या चार तुकड्यांत घोडा एकट्या ‘वॉ’ला, बाकीचे तिघं वऱ्हाडी. इंग्रजांची खोडी अशी की वस्तू कशाची केलीय ते सांगायचं असलं, स्टील बकेट, प्लास्टिक चेअर, तर तिथे मागच्यालाही घोडा द्यावा लागतो. ते भिवाने वेगळं पाठ केलं. बाकीच्यांना त्याने बापाचा डफ लावला. पहिल्यावर थाप, दुसऱ्यावर टिचकी. टूथ-पेस्ट. बेड-शीट. एकदम बसलं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर त्याने सगळे शब्द लिहिले आणि ज्या तुकड्याला घोडा, त्याच्या डोक्यावर सेलची लाल गोल चिकटी लावली. आठ वर्षं तो पुठ्ठा त्याच्या खिशात होता. घामाने मऊ झाला होता, पानासारखा.

तेव्हा फोन महाग. सहा दिरहम गेले की साठ रुपये गेले, असं मोठ्याने म्हणतच माणसं फोन ठेवायची. त्यामुळे तिकडची माणसं कॅसेट भरून गावी पाठवायची. पत्र लिहायला न येणाऱ्यांची सोय. भिवानेही एकदा अर्धी कॅसेट घरची विचारपूस, म्हैस, कौलं यांनी भरली, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूला काय बोलावं ते सुचेना म्हणून दुकानातली सगळी यादी खणखणीत आवाजात म्हणून टाकली. बायकोला, नर्मदेला, कळू दे नवरा काय करतो. कॅसेट गेली. नर्मदेचं उत्तर आलं त्यात म्हशीचं होतं, कौलांचं होतं, यादीचं काही नव्हतं. बाप चौऱ्याण्णव साली गेला. भिवाला रजा मिळेपर्यंत दहावा उलटला होता.

आता गोष्टीतला दुसरा माणूस. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात सुदेश आला. वय वीस, बारावी पास, नदीपलीकडच्या वाडीतला. भिवाच्याच खोलीत वरची खाट मिळाली त्याला. पाया पडला, काका म्हणाला, आणि म्हणाला, मी तुम्हाला लहानपणापासून ऐकतोय. भिवाला वाटलं, पोरगं गोड बोलून काम काढणाऱ्यातलं दिसतंय.

महिनाभराने भिवाचा घसा बसला. दोन दिवस सुदेशने माइक धरला. भिवा खोलीवर गरम पाण्याच्या गुळण्या करत पडून होता, आणि मनातल्या मनात पोरगा कसा अडखळत असेल, लोक कसे हसत असतील, ते बघत होता. तिसऱ्या दिवशी कामावर गेला तर खतीजाबी म्हणाली, बरं झालं घसा लवकर सुटला, काल तर अगदी छान वाजत होता. काल भिवा नव्हताच. तिला फरक कळला नव्हता. कुणालाच कळला नव्हता.

बाई गं. लोक त्या पोराला हसले असते तर भिवाने मोठ्या मनाने त्याची बाजू घेतली असती. त्याचं कौतुक झालं असतं तर नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण आठ वर्षं हनुवटीला हात लावून कमावलेलं, आणि ते कालच्या पोराच्या तोंडातून जसंच्या तसं निघावं? जणू याने उन्हातान्हात विहीर खणली आणि त्याने नुसती कळशी बुडवली. तेव्हापासून भिवाच्या पोटात जे पेटलं ते विझेना. सुदेशचा शर्ट इस्त्रीचा, तरी याला सलला. सुदेशने खतीजाबीला हसवलं, तरी सलला. पोराने आपल्या हाताने मासे तळून आधी काकांना वाढले, तर भिवाने काटे जरा जास्तच आहेत म्हणून ताट सरकवलं.

त्यात डिसेंबरात प्रकाशसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. रमजानच्या आधी दुकान वाढणार, शेजारचा गाळा घेतलाय, नवीन भोंगे बसणार. आता पोती उचलून मग माइकवर धावायचं नाही. फुल-टाइम अनाउन्सर ठेवायचा, गळ्यात टाय, छातीवर नावाची पट्टी. दोघांपैकी एक. गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या गर्दीत, मालक स्वतः येऊन ऐकतील. “भिवा, तू सीनियर आहेस,” साहेब म्हणाले, “नवीन आयटम्सची लिस्ट तू सुदेशकडून तयार करून घे. बोथ शुड गेट फेअर चान्स. यल्ला, काम करो.”

भोंगे बसेपर्यंत पंधरा दिवस माइक बंद.

नव्या यादीत हेडफोन, मायक्रोवेव्ह, बाथटब, हेअरड्रायर असलं काय काय होतं. सुदेश वही घेऊन समोर बसला. भिवाने यादीकडे बघितलं, पोराच्या विंचरलेल्या भांगाकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं ते असं: नवीन दुकान, नवीन पद्धत. आता वजन मागच्यावर टाकायचं. माणसाच्या लक्षात शेवटचंच राहतं ना.

सुदेश जरा थांबला. “पण काका, तुम्ही तर पहिल्यावर...”

“मी जुना झालो. तू नवीन शीक.”

मुलाने मान हलवली आणि लिहून घेतलं. मग रोज जेवण झालं की शिकवणी. भिवा म्हणून दाखवायचा, हेड-फोSSन. सुदेश म्हणायचा, हेड-फोSSन. बाथ-टSSब. लंच-बॉSSक्स. घोडा रिकामा पुढे, आणि वऱ्हाडी मागून बोंबलतायत. एका बैठकीत तीस-तीस वेळा. भिवाला मनातून लाज वाटत होती का? वाटत होती. आपण असलो तर आपल्यालाही वाटली असती, पण आपणही थांबलो असतो की नाही देव जाणे. हेव्याचं कसं असतं, पहिला घास कडू लागतो, मग चटक लागते. तो पोराला शाबास सुद्धा म्हणायला लागला.

गुरुवार आला. मालक काउंटरपाशी खुर्चीवर, हातात कॉफीचा छोटा पेला. दुकान तुडुंब. प्रकाशसाहेबांनी आधी भिवाला खूण केली.

हिंदी भिवाने अशी म्हटली की ट्रॉल्या थांबल्या. मालकांनी मान डोलावली. मग इंग्रजी. भिवाने मनात डफ घेतला, हात उचलला, आणि थाप पडली ती मागच्यावर. हेड-फोSSन. त्याचे त्यालाच कान तापले. सावरायला गेला तर लंच-बॉSSक्स. आठ वर्षं जो शब्द पाठ होता तो सुद्धा उलटा. पंधरा दिवस जीभ ज्या वळणावर घातली तेच वळण तिने घेतलं. तिला काय ठाऊक ते खोटं होतं म्हणून? भिवाने खिशातला पुठ्ठा काढला, लाल चिकट्या बघितल्या, टूथ पुन्हा म्हटलं, आणि पेस्ट कुठे हरवलं ते सापडलंच नाही. एक छोटी मुलगी आईला इंग्रजीत म्हणाली, हा काका असा का बोलतोय? भिवाने बटण सोडलं.

आता सुदेश. भिवा तांदळाच्या पोत्यांपाशी जाऊन उभा राहिला. दोघंही बुडालो, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला थोडा गारवा वाटला. दोघांनाही उलटंच येतंय, मग कुणालाच नको.

सुदेशने माइक हातात घेतला. बोलण्याआधी त्याने काउंटरवर तळहाताची थाप मारली, मग एका बोटाची टिचकी. हळूच, दुसऱ्या कुणाला दिसली नसती. आणि मग शब्द. हेड घोड्यावर, फोन मागून. बाथ घोड्यावर, टब मागून. मायक्रोवेव्हचे तीन तुकडे, पहिला नवरदेव. सगळी वरात शिस्तीत निघाली, एकही वऱ्हाडी पुढे घुसला नाही. स्टील बकेटला तेवढे दोन घोडे.

मालकांनी पेला खाली ठेवला. “खलास. हाच.”

दुकानाच्या मागे गाड्या लागतात तिथे भिवा रिकाम्या खोक्यावर बसला होता. सुदेश शोधत आला. नवा टाय हातातच होता, गळ्यात घालायचा धीर झाला नव्हता. मग भिवानेच विचारलं, “मी शिकवलं तसं का नाही म्हणालास?”

“पहिल्या दिवशी वाटलं, काका माझी परीक्षा बघतायत. तिसऱ्या दिवशी खतीजाबींना विचारलं.”

“मग बारा दिवस माझ्यासमोर बसून उलटं म्हणत राहिलास?”

“तुम्ही कधी थांबताय ते बघत होतो.”

जमीन दुभंगली तर बरं, असं माणसाला वाटतं ती वेळ. त्याने खाली बघत एवढंच म्हटलं, चुकलं माझं. आणि मग, आपला प्रश्न त्याला गप्प बसू देईना म्हणून, विचारलं की पण बरोबर कसं म्हणायचं ते तुला आधी शिकवलं कुणी? खतीजाबीने?

सुदेश म्हणाला, तुम्हीच. तुमच्या कॅसेटने.

मग त्याने सगळं सांगितलं. तो आठवीत असताना शाळेतून घरी परतताना, नदी ओलांडायच्या आधी, भिवाच्या घरावरून वाट होती. नर्मदाकाकी कॅसेट लावायची. म्हशीची बाजू ती एकटीच ऐकायची, पण यादीची बाजू लागली की वाडीतली पोरं अंगणात जमायची. गाण्यासारखी पाठ झाली होती सगळ्यांना. अर्थ कुणाला कळत नव्हता. आणि सगळ्यात पुढे, टेपच्या तोंडाशी, भिवाचा बाप बसायचा. कानाने कमी झालेला. सुदेशला शेजारी बसवून घ्यायचा, हा आवाज मोठा कर, आता परत लाव, पुन्हा लाव. ऐकताना मांडीवर हात चालायचा त्याचा. थाप, टिचकी. थाप, टिचकी. सुदेशचा हात धरून त्याच्याकडूनही तसंच करून घ्यायचा, चुकला तर पाठीत धपाटा.

“काय म्हणायचे?” भिवाने विचारलं.

“म्हणायचे, भाषा कुठलीबी असंना, थाप पहिल्यालाच देतोय. पोरगा माझाच.”

भिवाने तोंड फिरवलं. समोर अंगणभर खोकी पडली होती, त्यांच्याकडे बघत राहिला. बापाने ऐकलं होतं. एकदा नव्हे, पन्नासदा. नर्मदेला वाटलं असेल, यात काय कळवायचं, म्हातारा टेप ऐकतो. आणि त्या वेळी बापाच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं ते हे नदीपलीकडचं पोर. बापाचा शेवटचा धपाटा याच्या पाठीत. माइकचा हेवा त्यापुढे काहीच नाही हो. टाय गेला, पट्टी गेली, ती एखाद्या दिवशी विसरताही येते. पण जिथे आपण असायला हवं होतं तिथे दुसरा बसलेला होता, ते कुठे ठेवायचं?

मग त्याने खिशातून पुठ्ठा काढला आणि सुदेशच्या हातात दिला. “धपाटा कुठे मारायचे?” त्याने विचारलं.

सुदेशने वळून पाठ दाखवली, उजव्या खांद्याच्या जरा खाली. भिवाने तिथे हात ठेवला. मारला नाही. नुसता ठेवला, आणि उचलला.

रमजानात दुकान गजबजून गेलं. सुदेश टाय लावून माइकवर उभा राहायचा आणि भिवा पूर्वीसारखा फळ्या भरायचा. पोटातलं सगळं विझलं होतं म्हणाल तर नाही. अजूनही पाच वाजले की त्याचे हात धुवायला शिवशिवायचे, आणि सुदेशच्या तोंडून एखादा नवा शब्द सुबक उतरला की याच्या छातीत बारीक कळ यायची. एकदा सुदेश हेअरड्रायरवर जरासा डगमगला. भिवा तुपाचे डबे रचत होता. त्याने डब्यावर एक थाप मारली आणि एक टिचकी. माइकवरून शब्द लगेच सरळ झाला. खतीजाबीने गल्ल्यावरून मान वर करून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा बिलात घातली.

ईदनंतर भिवाने गावी नवी कॅसेट पाठवली. एका बाजूला म्हैस, कौलं, पोराची फी. दुसऱ्या बाजूला सुदेशकडून सगळी नवी यादी म्हणून घेतली, हेडफोनपासून बाथटबपर्यंत. बापाच्या फोटोसमोर टेप ठेवून लाव, असं त्याने नर्मदेला त्यात सांगितलं. हा आवाज माझा नाही, नदीपलीकडच्या सुदेशचा आहे, पण म्हाताऱ्याला चालेल.

एवढं बोलून त्याने बटण बंद केलं. मग जरा थांबला, पुन्हा दाबलं आणि म्हणाला, पण आधी माझी जुनी लाव. हिचा नंबर दुसरा.